व्हेकन्सी आहे, पुढे पाठवा

मीरा-भाईंदरचा माणूस राहतो मीरा-भाईंदरला आणि कमावतो दुसरीकडे. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतले स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, काशीमिऱ्याला महामार्गालगतची हॉटेलं आणि गोदामं, उत्तन-चौकची मासेमारी, पालिका, शाळा, दवाखाने आणि गल्लोगल्लीची दुकानं एवढं बाजूला काढलं, तर उरलेलं शहर सकाळी चर्चगेटच्या दिशेची गाडी पकडतं. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती, आणि त्यानंतरही टॉवर उभे राहतच गेले. घर परवडतं म्हणून लोक इथे आले. कामाच्या शोधात इथे येणारे त्या मानाने थोडे.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. मुंबईच्या इतिहासात ती इतके दिवस कधी थांबली नव्हती. कामाला जायची सोय गेली, हे तर सगळ्यांना दिसलं. पण लोकलबरोबर आणखी एक गोष्ट बंद पडली, तिची नोंद कुणी फारशी घेतली नाही. वर्षानुवर्षं एकाच गाडीच्या एकाच डब्यात जाणाऱ्यांचे ग्रुप असतात. त्यांत कुणी बँकेतला, कुणी अंधेरीच्या कारखान्यातला, कुणी मालाडच्या कॉल सेंटरमधला. ‘आमच्याकडे अकाउंट्सला एक जागा निघतेय, तुमच्या भाच्याला पाठवा’ हे वाक्य बोरिवली ते दादरच्या दरम्यान उच्चारलं जायचं. बायकांच्या डब्यात तर भाजी निवडता निवडता दोन-तीन घरांची सोय लागायची. हे न नोंदलेलं सेवायोजन कार्यालय एका रात्रीत कुलूपबंद झालं.

त्याच वेळी त्याची गरज मात्र कधी नव्हे एवढी वाढली. सीएमआयई या संस्थेच्या पाहणीनुसार एप्रिल २०२० मध्ये देशातला बेरोजगारीचा दर २३ टक्क्यांच्या वर गेला, आणि त्या एका महिन्यात सुमारे १२ कोटी लोकांचं काम सुटलं. त्यांत बहुसंख्य रोजंदारीवाले आणि छोटे विक्रेते होते. ते पुढच्या काही महिन्यांत जमेल तसे कामाला लागले. पगारी नोकऱ्यांचं तसं झालं नाही. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत सुमारे १ कोटी ८९ लाख पगारी नोकऱ्या गेल्या, आणि त्या लवकर परतल्या नाहीत. मीरा रोडसारख्या उपनगराचा संसार चालतो तो नेमका अशाच नोकऱ्यांवर: मॉलमधला सेल्समन, विमानतळावरचा ग्राउंड स्टाफ, हॉटेलातला फ्रंट ऑफिसवाला, ट्रॅव्हल एजन्सीतली मुलगी, जिमचा ट्रेनर. घराचा हप्ता किंवा भाडं, मुलांची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स ही तिन्ही चाकं एका पगारावर फिरत होती.

घरात बसलेल्या माणसाच्या हातात फोन होता. मग डब्यातलं बोलणं फोनमध्ये शिरलं.

तशी ओळखीने नोकरी लागणं ही मुंबईला नवी गोष्ट नाही. गिरणगावात खात्यावर माणूस घ्यायचा तो जॉबर. तो आपल्या गावचा, आपल्या वाडीचा माणूस आधी घ्यायचा. कोकणातून, घाटावरून आलेला तरुण गावकीच्या खोलीवर उतरायचा आणि ‘अमक्या गिरणीत बदली मिळेल’ ही बातमी त्याला त्या खोलीतच लागायची. जॉबरच्या या मक्तेदारीला आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली. स्वातंत्र्यानंतर सरकारने रोजगार विनिमय केंद्रं चालवली. १९५९ च्या कायद्याने ठराविक आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं. मुलगा मॅट्रिक झाला की ‘एम्प्लॉयमेंटचं कार्ड’ काढायचं, दर काही वर्षांनी ते रिन्यू करायचं, हे एका पिढीने नेमाने केलं. कॉल मात्र यायचा तो ओळखीकडूनच.

या ओळखीच्या गणिताचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना गाठलं. निम्म्याहून अधिकांना नोकरी ओळखीतून लागली होती. त्याचा पुढचा प्रश्न असा होता: ज्याने सांगितलं, तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या माणसाकडून नोकरी कळली असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली असं म्हणणारे ५५ टक्क्यांच्या वर होते, आणि वर्षातून कधीतरी किंवा तेवढंही न भेटणाऱ्याकडून कळलेले जवळजवळ २८ टक्के. १९७३ सालच्या त्याच्या निबंधाने ही गोष्ट जगभर पोचवली. कारण सरळ आहे. सख्ख्या भावाला आणि जिवलग मित्राला जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. जुन्या कंपनीतला, नावापुरता ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरत असतो आणि तिकडची बातमी आणतो.

याची मोठी चाचणी लिंक्डइनवर झाली. २०१५ ते २०१९ या काळात जगभरातल्या दोन कोटी वापरकर्त्यांना ‘या माणसांना तुम्ही ओळखता का’ या सुचवणीतून मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारची माणसं दाखवली गेली, आणि पुढे कुणाला नोकरी लागली ते पाहिलं गेलं. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. सर्वांत उपयोगी पडल्या त्या मध्यम पातळ ओळखी. अगदी घट्ट ओळखींचा उपयोग सर्वांत कमी झाला. अगदीच परक्यांचाही तेवढा झाला नाही.

हे वाचताना मला लोकलचा डबा आठवतो. नवव्या डब्यातल्या मंडळींशी आपलं नातं नेमकं असंच असतं. घरी जाणं-येणं नाही, पूर्ण नावही कधीकधी माहीत नाही, पण रोज तासभर खांद्याला खांदा. लोकल बंद झाल्यावर सर्वांत आधी तुटल्या त्या याच ओळखी. घरचे घरातच होते, जिवलग मित्र फोनवर होते. ज्यांच्याकडून नोकरी लागण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच लोक नजरेआड गेले. महामारीतल्या कामाच्या शोधाची खरी अडचण ही होती, आणि समाजमाध्यमांनी ती किती भागवली, कुणासाठी भागवली, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

सगळे एकाच ठिकाणी शोधत नव्हते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार भारतात व्हॉट्सअ‍ॅप वापरणारे ५३ कोटी, फेसबुकवाले ४१ कोटी आणि इन्स्टाग्रामवाले २१ कोटी होते. ट्विटरवर पावणेदोन कोटीच. लिंक्डइनचे भारतीय सदस्य २०२१ च्या अखेरीस आठ कोटींच्या आसपास होते. यातून इमारतीतल्या मजल्यांप्रमाणे थर पडले होते. इंग्रजीत इमेल लिहिणारा, पदवीधर, आयटी किंवा बँकिंगमधला माणूस लिंक्डइनवर गेला. त्या कंपनीने जून २०२० मध्ये फोटोभोवती हिरवी पट्टी लावायची सोय दिली: मी काम शोधतोय, हे जगाला सांगणारी. आपल्याकडे अनेकांनी ती लावायला बराच वेळ घेतला. सोसायटीत अजून सांगितलेलं नाही, सासरी कळलेलं नाही, आणि फोटोला हिरवी पट्टी! फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसेल अशीही एक सोय त्यात होती. आपल्याकडच्या संकोचाला ती बरी होती.

बारावी किंवा आयटीआय झालेले, ड्रायव्हर, टेलिकॉलर, पॅकिंगवाले, ब्यूटिशियन हे लिंक्डइनवर जाणारच नव्हते. त्यांच्यासाठी वर्कइंडिया आणि अपना ही अ‍ॅप होती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अपनाचं मूल्यांकन सप्टेंबर २०२१ मध्ये एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं, यावरून या वर्गाची गरज केवढी होती ते कळतं. पण अ‍ॅप डाउनलोड करण्याआधी आणि नंतरही सगळे जिथे होते ते ठिकाण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. तेव्हा एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ माणसं मावायची. म्हणून एकाच माणसाचे जॉब्स १, जॉब्स २, जॉब्स ३ असे ग्रुप असायचे. लिंक फेसबुकवर टाकली की अर्ध्या तासात ग्रुप फुल्ल. मग लिंकखाली ‘प्लीज अ‍ॅड मी’ आणि ‘इंटरेस्टेड’ यांची रांग.

या ग्रुपांमध्ये फिरणारा नमुना मजकूर एकदा नीट वाचून पाहू.

‘अर्जंट व्हेकन्सी. बॅक ऑफिस, डेटा एंट्री. मेल-फीमेल दोन्ही. १२ वी पास, फ्रेशर चालेल. पगार १२ ते १८ हजार. लोकेशन: मीरा रोड, मालाड, अंधेरी. वर्क फ्रॉम होम पण आहे. नो चार्जेस. बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅप करा. गरजूंना पुढे पाठवा.’

कंपनीचं नाव नाही. यात दरवेळी काळंबेरं असतं असं नाही. मजकूर टाकणारा बहुधा कन्सल्टन्सीवाला असतो. कंपनी त्याला माणसामागे पैसे देते, तेही माणूस दोन-तीन महिने टिकला तर. नाव सांगितलं तर उमेदवार परभारे कंपनीत जाईल, म्हणून तो झाकून ठेवतो. तीन लोकेशन आहेत, याचा अर्थ हातात एक ठरलेली जागा असेलच असं नाही. बायोडाटा जमवून ठेवायचे, मागणी आली की पाठवायचे. पगाराचा वरचा आकडा अनुभवी माणसाचा. फ्रेशरने खालचाच धरावा, आणि हातात पडेल तो त्याहून कमी. ‘नो चार्जेस’ हे मुद्दाम लिहावं लागतं, यावरूनच चार्जेस घेणारे किती आहेत ते समजावं. तारीख नाही. ही सर्वांत मोठी खोट, तिच्याकडे नंतर येऊ. आणि ‘गरजूंना पुढे पाठवा’ या तीन शब्दांवर अख्खी यंत्रणा चालते. पुढे पाठवणाऱ्याला पुण्य लागतं, खर्च काही होत नाही, आणि आपण ती जागा खरी आहे का हे विचारलं नाही याची टोचणीही लागत नाही.

अफवांना आळा घालायला व्हॉट्सअ‍ॅपने ७ एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे पाठवलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं. नोकरीच्या निरोपांनाही ते लागू झालं. लोकांनी त्यावर तोड काढली: मजकूर कॉपी करायचा आणि नव्याने चिकटवायचा. दुहेरी बाणाची खूण गेली, निरोप कोरा करकरीत. त्याबरोबर तो किती जुना आहे हे ओळखायचं एकमेव साधनही गेलं.

त्या मजकुरात मीरा रोडकर सर्वांत आधी लोकेशन बघायचे. मुंबई सुटली तशी उपनगरं एकदम सुटली नाहीत. जुलै २०२० मध्ये मीरा-भाईंदरला पालिकेने पुन्हा कडक लॉकडाउन लावला होता. १५ जूनपासून लोकल चालू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. २१ ऑक्टोबरला महिलांना मुभा मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना प्रवेश मिळाला तो पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४, आणि रात्री ९ नंतर. आता हे वेळापत्रक समोर ठेवून अंधेरीची दहा ते सातची नोकरी करून बघा. सातच्या आत गाडी पकडायची, ऑफिस उघडेपर्यंत जिन्यावर बसायचं, आणि सुटल्यावर नऊ वाजायची वाट पाहायची. घराबाहेर पंधरा तास, पगार पंधरा हजार. नाहीतर बस, आणि दहिसर चेकनाक्याची कोंडी. एप्रिल २०२१ मध्ये तेही दार मिटलं आणि १५ ऑगस्टला दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठी पासावर उघडलं. म्हणजे नोकरीसाठी लस, आणि लशीसाठी कोविनवर नंबर!

साहजिकच शोधाचा व्यास आखडला. ‘मीरा रोडच्या मीरा रोडमध्ये’ काही आहे का, हे विचारणं वाढलं. स्थानिक फेसबुक ग्रुप आणि सोसायटीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अचानक कामाचे ठरले. जी सोसायटी एरवी पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवरून भांडत होती, तिच्या ग्रुपवर किराण्याची डिलिव्हरी, औषधाच्या दुकानात मदतनीस, पॅथॉलॉजी लॅबला घरोघर नमुने घेणारा मुलगा, अशा जागा येऊ लागल्या. पगार कमी, पण चालत जायचं. भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यांत उलटी अडचण होती. मे २०२० मध्ये श्रमिक गाड्यांनी परप्रांतीय कामगार गावी निघून गेल्यावर मालकांना माणसं हवी होती. पॉलिश मारण्याचं आणि प्रेसवरचं काम मात्र फोनवर बायोडाटा मागवून होत नाही. तिथे ठेकेदाराने उत्तर प्रदेशात, बिहारात कारागिराला व्हिडिओ कॉल करायचा, तिकिटाचे पैसे पाठवायचे, आणि त्याने येताना गावचे दोघे आणायचे. जॉबरच्या काळापासून चालत आलेली ही रीत, हाती फक्त स्मार्टफोन आला.

आरोग्याच्या जागांचं वेगळं. भाईंदरचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय कोविडसाठी घेतलं गेलं, ठिकठिकाणी कोविड केंद्रं उभी राहिली आणि नर्स, वॉर्डबॉय, लॅब टेक्निशियन, डेटा एंट्री ऑपरेटर कंत्राटावर लागू लागले. मुंबई, ठाणे, वसई-विरार, मीरा-भाईंदर, सगळ्या पालिकांच्या थेट मुलाखतीच्या जाहिराती पीडीएफ होऊन फोनांवर फिरत. सरकारी शिक्का, पदांचा तक्ता, मानधन, तारीख, पत्ता, सगळं छापील. माझ्या मते त्या काळातले सर्वांत उपयोगी फॉरवर्ड हेच होते. ज्यांच्या हाती एएनएम किंवा जीएनएमचं प्रमाणपत्र होतं, पण लग्नानंतर काम सुटलं होतं, अशा बायकांसाठी तर ते दार पुन्हा उघडणंच होतं. अर्थात कंत्राट लाटेपुरतं. लाट ओसरली की केंद्रं बंद आणि माणसं पुन्हा ग्रुपवर.

मीरा रोडची आणखी एक खासियत म्हणजे मालिकांची दुनिया. काशीमिरा, मीरा रोड आणि खाडीपलीकडच्या नायगाव पट्ट्यात सेट आहेत, आणि तिथे काम करणारी, काम शोधणारी माणसं याच शहरात भाड्याने राहतात. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरण थांबलं. जूनअखेरीस ते सुरू झालं तेव्हा सेटवर माणसं कमी ठेवायची होती, म्हणून ज्युनियर आर्टिस्टची गर्दी कथेतूनच गेली. लग्नाच्या सीनला पाहुणे दिसेनात! वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्या कलाकारांना राज्य सरकारने मनाई केली होती. ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, तोवर ज्येष्ठ चरित्र अभिनेते घरातच. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंदी आली आणि मालिका गोव्याला, हैदराबादला निघून गेल्या. या धंद्यात नोकरी अशी नसतेच, रोज काम मिळवायचं असतं. त्यामुळे इथले लोक कास्टिंगच्या ग्रुपांना फार आधीपासून सरावलेले. नवीन काय झालं, तर ऑडिशनसाठी ऑफिसांचे उंबरे झिजवणं बंद झालं आणि घरच्या भिंतीला पडदा लावून, भावाकडे फोन देऊन ‘सेल्फ टेस्ट’ पाठवणं सुरू झालं. हे पुढेही टिकलं. लाइटमन, स्पॉटदादा यांना मात्र घरून पाठवता येईल असं काही नव्हतं. त्यांच्यातले अनेक डिलिव्हरीच्या पिशव्या खांद्याला लावून फिरले.

बायकांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे महामारीच्या तोंडावर, महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३८ टक्के होत्या आणि पुरुष ६१ टक्क्यांच्या वर. शहरात फरक थोडा कमी असेल, पण घरात एकच स्मार्टफोन आणि तो मुलांच्या ऑनलाइन शाळेला लागलेला, हे चित्र चाळीत काय नि टूबीएचकेत काय, सारखंच. धुणीभांडी, पोळ्या करणाऱ्या बायकांना सोसायट्यांनी गेटवर अडवलं. त्यांना पुन्हा कामावर घ्यायचं की नाही हे ज्या ग्रुपवर ठरत होतं, त्यात त्या नव्हत्याच. आपल्या कामाचा निकाल कुणाच्या तरी फोनमध्ये लागतोय आणि तो आपल्याला वॉचमनकडून कळतोय, अशी त्यांची गत. याउलट ज्यांच्या हाती फोन आणि ओटा दोन्ही होते, त्यांनी डबे, मोदक, केक, बिर्याणी यांचे फोटो टाकून घरातूनच विक्री मांडली. वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी तेव्हा १०० रुपयांत व्हायची, हेही बऱ्याच जणींना अशा ग्रुपवरच कळलं.

सरकार या सगळ्यात कुठे होतं? ६ जुलै २०२० ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते ‘महाजॉब्स’ संकेतस्थळ सुरू झालं. परप्रांतीय गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागा स्थानिकांना मिळाव्यात हा हेतू. १७ क्षेत्रं, सुमारे साडेनऊशे प्रकारची कामं, आणि नोंदणीला अधिवास प्रमाणपत्राची गरज. हेतूत खोट काढायला जागा नाही. पण तहसील कार्यालयं अर्धवट चालू असताना अधिवासाचा दाखला आणायचा कुठून? शिवाय संकेतस्थळाला डब्यातल्या माणसाची सर येत नाही. ‘सुपरवायझर बरा आहे, पण पगार दहा तारखेच्या पुढे जातो’ हे कुठलंही पोर्टल सांगत नाही, आणि काम शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

ही पारख करून देणारा मधला माणूस नाहीसा झाला, त्या फटीतून ठग आत आले. त्यांना साथ दिली ती एका खऱ्या बदलाने. मार्च २०२० पर्यंत कॉल सेंटरचं काम घरून करायला दूरसंचार खात्याच्या अटी आडव्या यायच्या. त्या महिन्यात त्या शिथिल झाल्या, नोव्हेंबरमध्ये नियमच सुटसुटीत केले गेले. वर्क फ्रॉम होम ही गोष्ट खरोखर अस्तित्वात आली, आणि म्हणूनच तिच्या नावाने थाप मारणं सोपं झालं. सर्वांत चलती होती ती डेटा एंट्रीची. पाच-सात दिवसांत शेकडो फॉर्म भरून द्या, नव्वद टक्के अचूकता ठेवा, एवढे हजार मिळवा. फॉर्म मुद्दाम असे, की अचूकता जमूच नये. मुदत संपली की ‘क्वालिटी’त नापास, आणि मग वकिलाच्या नावाने नोटीस: करार मोडलात, नुकसानभरपाई भरा, नाहीतर कोर्टात खेचू. सुशिक्षित घरातली मुलगी या नोटिशीला घाबरते, कारण तिने आधार कार्डाचा फोटो आणि सही त्यांच्या हवाली केलेली असते. घरी न सांगता ती पैसे भरून मोकळी होते. अशी नोटीस केवळ धमकी असते, तिला भीक घालू नये. पण हे सांगणारं कुणी जवळ असावं लागतं.

मीरा रोडला हा धडा तसा जुना होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या नागरिकांना धमकावायचं, हा तिथला धंदा. खुर्चीवर बसलेले बरेचसे विशीतले, इंग्रजी बोलता येतं म्हणून लागलेले. काहींना काय चाललंय ते पक्कं ठाऊक होतं, काहींना पहिल्या आठवड्यात कळलं आणि पगाराकडे बघून ते गप्प बसले. खोटी नोकरी उमेदवाराचे पैसे खाते तशी ती त्याला आरोपीही करते, हे या शहराने महामारीच्या चार वर्षं आधी पाहिलं होतं. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं. पुढच्या वर्षी ऑनलाइन फसवणुकीसाठी देशव्यापी मदत क्रमांक आला. तो आता १९३० आहे. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता असते, दोन दिवस लाजण्यात घालवले तर फारशी नसते.

आता त्या तारखेकडे येऊ. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हेच फोन, हेच ग्रुप ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर आणि बेड शोधत होते. पहिल्या दोन-चार दिवसांतच लोकांच्या लक्षात आलं की जुनी माहिती ही खोट्या माहितीइतकीच घातक असते. मग तरुण मुलांनी स्वतः फोन लावून खात्री करायला सुरुवात केली आणि प्रत्येक निरोपावर ‘व्हेरिफाइड’ आणि वेळ घातली: दुपारी ४ वाजता विचारलं, दोन बेड आहेत. बेड गेला की तसंही कळवलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. नोकरीच्या निरोपांना ही शिस्त कधी लागली नाही. भरलेल्या जागेचा निरोप महिनोन्‌महिने फिरत राहतो. दीडशे माणसं त्या नंबरवर बायोडाटा पाठवतात, त्यांच्यापैकी एकालाही उत्तर येत नाही, आणि प्रत्येक जण समजतो की आपल्यातच काही कमी आहे.

महामारी सरली, ग्रुप तसेच आहेत. सदस्यसंख्येची मर्यादा वाढून हजाराच्या पुढे गेली. म्हणून वाचकांकडे एकच मागणं. तुमच्या फोनवर व्हेकन्सीचा निरोप आला, तर तो पुढे ढकलण्याआधी त्या नंबरवर एक फोन लावा. कंपनी कोणती, जागा कुठे, हातात पगार किती, उमेदवाराकडून पैसे घेता का, एवढं विचारा. उत्तरं, आजची तारीख आणि स्वतःचं नाव खाली लिहून मगच पाठवा. आणि जागा भरल्याचं कळलं, तर ज्या ग्रुपवर तो निरोप टाकला होता, त्याच ग्रुपवर ‘जागा भरली’ एवढे दोन शब्द टाका.